रिपोर्टवर ‘बंद’ लिहून आलं तेव्हा

पाळीच्या आठव्या दिवशी, बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका एक्स-रे सेंटरमध्ये माझी एचएसजी झाली. मूल राहत नव्हतं, म्हणून गर्भनळ्या उघड्या आहेत का, हे पाहणारी ही एक्स-रे तपासणी. गर्भपिशवीत डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडताना ओटीपोटात अशी कळ आली की टेबलाची कड घट्ट धरली. दुखण्याची गोळी आधी घेऊन जायची असते, हे कुणी सांगितलंच नव्हतं. रिपोर्ट आला, दोन्ही नळ्या बंद. डॉक्टरांनी पाच मिनिटांत ‘आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करा’ म्हणून फाईल मिटली. दांडिया बाजारात घरी पोहोचेपर्यंत मी रिक्षात रडत होते.

दुसऱ्या डॉक्टरबेननी मात्र फिल्म उजेडात धरून पाहिली. बंद आहे, पण कुठे? माझ्या नळ्या पिशवीला जोडतात तिथेच अडल्या होत्या. तिथला मार्ग जेमतेम 1 मिलिमीटरचा. स्नायू आकसला किंवा चिकट स्रावाचा बोळा बसला तरी डाय पुढे सरकत नाही. टोकाशी बंद होऊन पाणी भरलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. बायांनो, हा ‘कुठे’ विचारल्याशिवाय उठू नका.

दुर्बिणीतून बारीक तार घालून नळ्या उघडून बघायचं ठरलं. त्याआधी पिशवीच्या अस्तराचा तुकडा टीबीसाठी तपासला, कारण टीबीने खराब झालेल्या नळ्यांत तार घालण्यात अर्थ नसतो. कल्चरला, म्हणजे तुकड्यातून टीबीचे जंतू वाढतात का ते बघायला, सहा आठवडे लागले. ऑपरेशनपेक्षा ते दिवस जड गेले. सासूबाईंनी त्या काळात एकदाही काही विचारलं नाही, रोज डबा मात्र हातात दिला.

रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर भूल देऊन दुर्बिणीने ऑपरेशन केलं. एक दुर्बीण खालून पिशवीत, दुसरी बेंबीतून. निळं औषध सोडलं आणि उजव्या नळीच्या टोकातून ते आपोआप बाहेर आलं, तार लागलीच नाही! म्हणजे एचएसजीच्या वेळी ती नुसती आकसली होती. डावीत कॅथेटरच्या पोकळ नळीतून बारीक तार दोनदा घालून पाहिली, सरकली नाही. गर्भनळी फाटू नये म्हणून डॉक्टरबेन थांबल्या. ते थांबणं मला पटलं.

पोटात भरलेल्या गॅसमुळे दोन दिवस खांदा दुखला, टाके दुखले नाहीत तेवढा.

आता एका नळीवर सहा महिने प्रयत्न करायचे, मग आयव्हीएफचं बघू, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. डॉक्टरबेननी एक मात्र बजावलंय: पाळी चुकली की लगेच कळवायचं. अशा नळीत गर्भ अडकण्याचा धोका असतो, म्हणून सोनोग्राफी लवकर करून तो पिशवीतच आहे ना, हे आधी बघायचं.