भांडाराची किल्ली

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा निरोप बॅचच्या गटावर आला तेव्हा मी आमच्या वसाहतीच्या वार्षिक सभेत बसले होते. विषय पहिला : मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. मला हसूच फुटलं. शेजारच्या आजींनी चष्म्यावरून पाहिलं. नववीत शाळेच्या विद्यार्थी सहकारी भांडाराची चिटणीस म्हणून हेच वाक्य मी लटपटत्या पायांनी वाचलं होतं, त्यांना काय सांगणार!

१९८६ च्या दहावीवाल्यांना भांडार आठवत असेल. जिन्याखालची खोली, वह्या, शाईच्या दौती, खोडरबरं. शेअर, म्हणजे भाग, एक रुपयाचा. किल्ली माझ्या गळ्यात, करगोट्याच्या दोऱ्यात ओवलेली. प्रवरेच्या पाटावरची आपली शाळा. सहकार काय ते आम्हाला वेगळं शिकवावं लागलं नाही. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा करणारे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ही नावं पाढ्यांबरोबरच पाठ झालेली. भांडाराचे सर फक्त एकच गोष्ट घोटून घ्यायचे : शेअर एक असो की दहा, मत एकच.

हे सगळं अमेरिकेत पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं. नोकरीसाठी वॉशिंग्टनजवळ आले, मेट्रोच्या हिरव्या लाइनच्या टोकाला स्वस्तात घर मिळतंय म्हणून ग्रीनबेल्टला गेले. गाव जेमतेम २५ हजारांचं. दलाल म्हणाली, घर तुमच्या नावावर होणार नाही, तुम्ही सभासद व्हाल आणि राहण्याचा हक्क तुमचा. सोबतचे अमेरिकन जोडपे गोंधळले. मला मात्र आपल्याकडची गृहनिर्माण संस्थाच दिसली.

मंदीच्या काळात रूझवेल्टच्या सरकारने हे गाव मुद्दाम वसवलं. वॉशिंग्टनमधल्या बेकारांना काम हवं होतं, म्हणून यंत्रं असतानाही बरंचसं खोदकाम माणसांच्या हातांनी करून घेतलं. इथला तलाव त्यातलाच. आपल्या आजोबांच्या पिढीने दुष्काळी कामांवर पाझर तलाव खोदले, तसाच. १९३७ च्या सप्टेंबरअखेरीस पहिली कुटुंबं राहायला आली. घरं ८८५. डोंगरसोंडेच्या कडेने चंद्रकोरीसारखा रस्ता, आणि घरांची तोंडं रस्त्याकडे नाहीत, आतल्या हिरवळीकडे. रस्त्याकडच्या बाजूला आम्ही अजूनही ‘सर्व्हिस साइड’ म्हणतो. पायवाटा मोठ्या रस्त्यांच्या खालून जातात, म्हणजे पोरांना शाळेत जाताना मोटारी आडव्या येत नाहीत. किराणा दुकान सहकारी, साप्ताहिकही सहकारी. सुरुवातीला नियम इतके कडक की दुपारी चारनंतर वाळत घातलेले कपडे दोरीवर दिसता कामा नयेत. आमच्या आईने पहिल्याच आठवड्यात गाव सोडलं असतं. पुढे सरकारने गाव विकायला काढलं, तेव्हा १९५२ मध्ये रहिवाशांनी संस्था काढून घरं विकत घेतली. आज तिच्या ताब्यात सुमारे १,६०० घरं आहेत.

जुन्या शाळेची इमारत आता समाजमंदिर झाली आहे. बाहेरच्या भिंतीवर लेनोर थॉमस या शिल्पकर्तीने अमेरिकेच्या संविधानाची उद्देशिका दगडात कोरली आहे. ‘आम्ही लोक’पासून एकेक फलक. त्या काळातल्या शाळकरी पोरांनी गोळ्या-चॉकलेटांचं स्वतःचं सहकारी दुकान चालवलं होतं. त्याचं नाव ‘गमड्रॉप को-ऑप’. हे कळलं त्या दिवशी मी एकटीच मोठ्याने म्हणाले, अगं बाई, आपलंच भांडार!

आणि मग दुसरी गोष्ट कळली. गाव बांधणाऱ्या मजुरांमध्ये कृष्णवर्णीयही होते. घरं मात्र फक्त गोऱ्यांना दिली. दगडातले ‘आम्ही लोक’ म्हणजे तेवढेच.

हे वाचताना मला दुसऱ्या कुणाची नाही, माझीच आठवण झाली, म्हणून स्मरणिकेत शोभत नसलं तरी लिहिते. हंगामात कारखान्याच्या तळावर ऊसतोडीच्या कोप्या पडायच्या. त्यातली काही पोरं शाळेत मागच्या रांगेत येऊन बसायची. हजेरीपटावर त्यांचं नाव नसायचं. एकदा त्यातली एक मुलगी भांडारात आली. मुठीत घामेजलेली चार आण्याची दोन नाणी. चाळीस पानी वही सभासदांना पन्नास पैशांना होती, बाहेरच्यांना साठ. मी ऐटीत विचारलं, “तू सभासद आहेस का?” ती नाणी तशीच मुठीत घेऊन निघून गेली. नियम बरोबर होता. हिशेबही बरोबर होता.

संध्याकाळी किल्ली देताना मी हे सरांना सांगितलं, शाबासकी मिळेल म्हणून. सर काही बोलले नाहीत. खिशातून रुपया काढला, पावतीपुस्तक उघडलं, तारीख घातली, “भागापोटी रु. १” लिहिलं आणि विचारलं, “नाव काय तिचं?” मला माहीत नव्हतं. उद्या विचारून भरू, म्हणाले. दोन-तीन दिवस ती फिरकलीच नाही, म्हणून आम्ही दोघं तळावर गेलो, तर टोळी दुसऱ्या गावच्या फडावर गेली होती.

ती पावती सरांनी रद्द केली नाही. पुस्तक ऑफिसातल्या हिरव्या कपाटात खालच्या कप्प्यात असायचं. कपाट अजून असेल, तर कुणीतरी उघडून बघा. नावाची जागा कोरी असलेली पावती सापडली, तर तिचा फोटो मला पाठवा.