एक मिनिट पळा, चार मिनिटं चाला

मंगळवार, मार्चचा पहिला आठवडा

आज पळाले. आता ह्याला पळणं म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा, कारण चार मिनिटं चालायचं, एक मिनिट पळायचं, परत चार मिनिटं चालायचं असं पाच वेळा, म्हणजे सगळं गोळा करून पळणं पाचच मिनिटं. पण जवळजवळ सात महिन्यांनी, आणि डाव्या खुब्यात तीन स्क्रू घेऊन.

साडेपाचला साताऱ्याच्या शाहू स्टेडियमला पोचले. घर समर्थ मंदिराजवळ, म्हणजे दारातून बाहेर पडलं की पाय आपोआप यवतेश्वरच्या घाटाकडेच वळतात, आज मुद्दाम पाठ फिरवून उलटीकडे गेले. फिजिओची अटच आहे, चढ नाही, उतार तर अजिबातच नाही, डांबर नाही, आणि सोबतीला कुणी फास्ट पळणारं नाही. शेवटची अट मला जास्त लागू पडते हे तिला बरोबर कळलंय.

चार मिनिटं चालले, घड्याळ टुकटुकलं आणि मी चक्क थांबले. पाय उचलेचना. मागून एक आजोबा मफलर गुंडाळून दोन्ही हात झुलवत येत होते ते शांतपणे मला ओव्हरटेक करून गेले. दहाबारा सेकंद अशीच गेली, मग काय झालं माहीत नाही, पळायला लागले. पहिलं काय जाणवलं तर आवाज. उजवा पाय टप पडतो आणि डावा थप. टप, थप, टप, थप. आधी कधी ऐकलंच नव्हतं कारण कानात गाणी असायची. आज इअरफोन नव्हते आणि सगळं लक्ष जांघेत. दुखतंय का? नाही. नक्की नाही? आत्ता काहीतरी झालं. हाड होतं का स्क्रू होता? थांबू का? खाली बघते तर ट्रॅक पँटची शिवण टोचत होती.

हे असं झालंय माझं. गेल्या वर्षी हाडाला चीर गेली तरी आपल्याला काही कळलं नाही आणि आता शिवण टोचली तरी काळजात धस्स होतं.

खरं तर कळलं नाही हेही खोटंच आहे. लिहायचंय म्हणून आज एकदाचं नीट लिहून टाकते. २०१२ला इथे हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली तेव्हापासून साताऱ्यात घरटी एक माणूस पळायला लागलंय, मी त्यात उशिरा आले, चाळिशीत. २१ किलोमीटर, अर्धं अंतर वर यवतेश्वरच्या बाजूला आणि अर्धं परत खाली. गेल्या वर्षी ठरवलं की टाइम कमी करायचा. मे संपता संपता आठवड्याला पंचविसेक किलोमीटर होत होते, ते जुलैत पन्नासच्या वर नेले. त्यात जानेवारीपासून ते सोळा तास उपाशी राहायचं चालू केलेलं, त्यात आषाढी एकादशीला चातुर्मासाचा नेम धरला की रात्री जेवायचं नाही, म्हणजे देवाचंही काम आणि वजनाचंही. पहाटे नुसत्या काळ्या कॉफीवर पावसात घाट चढायचे आणि बँकेत काउंटरवर बसून साबुदाण्याची स्वप्नं बघायचे. एप्रिलपासून पाळी नव्हती. मला वाटलं चव्वेचाळीस वय, आली असेल जायची वेळ, बरं झालं कटकट गेली. खरंच असं वाटलं होतं.

जांघेत दुखायला लागलं जुलैच्या मध्यावर. पळताना सुरुवातीला नाही, तीनचार किलोमीटरनंतर आत कुठेतरी खोल, बोटाने दाखव म्हटलं तर दाखवता येणार नाही असं. बाम लावला. गरम पाण्याची पिशवी. नंतर रात्री कूस बदलताना दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरांकडे गेले, त्यांनी एक्सरे काढला, नॉर्मल आहे म्हणाले, स्नायू धरलाय, गोळ्या घ्या. आता मला कळलंय की असली बारीक चीर सुरुवातीला एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयच लागतो. पण मी पळते हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. चालायला जाते म्हटलं! का तर ते थांबवतील म्हणून. मग गोळी खाऊन अजून दोन आठवडे पळाले, त्यातला एक रन सोळा किलोमीटरचा.

त्या दिवशी उतरताना शेवटच्या वळणावर डावा पाय टेकवला आणि तो टेकेचना. कठड्याला धरून बसले. समोर ढगात अर्धं शहर दिसत होतं, अजिंक्यतारा दिसत नव्हता. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला क्रॅम्प आला असेल, हळूहळू ये. मी म्हटलं गाडी आण. सतरा वर्षांच्या संसारात मी स्वतःहून गाडी आण म्हणायची ही पहिलीच वेळ असेल, तो पाच मिनिटांत आला.

एमआरआयनंतर सर्जननी (हे दुसरे) मला खुर्चीवरून उठूच दिलं नाही, व्हीलचेअर मागवली. मांडीच्या हाडाचं वरचं टोक म्हणजे गोळा, आणि त्याच्या खाली जी तिरकी मान असते तिथे स्ट्रेस फ्रॅक्चर, आणि तेही मानेच्या वरच्या अंगाला. त्यांनी हवेतच हाताने दाखवलं, शेवग्याची फांदी खाली वाकवली की खालची बाजू दाबली जाते आणि वरची ताणली जाते, मोडायला लागते ती वरूनच. चीर खालच्या अंगाला असती तर कुबड्या आणि विश्रांतीवर भागलं असतं बहुतेक. वरच्या अंगाची कधीही आरपार जाऊ शकते, आणि हाड सरकलं तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो आतून मरू शकतो, मग खुबाच बदलायचा. तुम्ही ह्यावर सोळा किलोमीटर पळालात? असं त्यांनी विचारलं आणि मला, काय सांगू, क्षणभर अभिमान वाटला. लाज वाटायची ती दुसऱ्या दिवशी टेबलावर झोपवल्यावर वाटली.

बाहेर कापलेलं फार नाही, मांडीच्या बाजूला बोटभराचा व्रण आहे आणि आत तीन लांब स्क्रू. खुब्याचं ऑपरेशन म्हटलं की लोकांना वाटतं खुबाच बदलला. मावसभावाने तर तो टेनिसवाला अँडी मरेचा व्हिडिओ पाठवला, २०१९च्या जानेवारीत खुब्यात धातू बसवला आणि ऑक्टोबरात स्पर्धा जिंकला बघ! अरे बाबा, त्याचं रिसरफेसिंग होतं, झिजलेल्या सांध्यावर धातूची टोपी, माझा सांधा चांगला आहे, माझं हाड मोडत होतं. पण समजवत कोण बसणार, अंगठा पाठवून दिला.

खरी कहाणी रक्ताच्या रिपोर्टात होती. डी व्हिटॅमिन ९, वीसच्या खाली म्हणजेच कमी धरतात. हाडांची घनता वयाच्या मानाने कमी. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी पाळीचं विचारलं, मग जेवणाचं, मग पळण्याचं, आणि पेन खाली ठेवलं. म्हणाल्या खर्च एवढा आणि जमा एवढीशी, शरीर मग एकेक खातं बंद करत जातं, पाळीचं खातं आधी बंद करतं, आणि ते हार्मोन घटलं की हाडं भरायचीही राहतात. ह्याला रेड-एस म्हणतात, २०१४पासून ऑलिम्पिक समितीच्या डॉक्टरांनी हे नाव वापरायला सुरुवात केली. बँकेत एवढी वर्षं काढून मला जमाखर्च दुसऱ्याने सांगावा लागला. आणि मेनोपॉज वगैरे काही नव्हतं, पोटभर जेवायला लागल्यावर डिसेंबरात पाळी परत आली. सासूबाईंनी तेव्हा पेढे आणायचे का असं विचारलं होतं. थट्टेतच, पण आणलेही.

सहा आठवडे पायावर भार नाही, नुसता अंगठा टेकवायचा. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही. गौरी-गणपती त्यातच. आयुष्यात पहिल्यांदा गौरी खुर्चीत बसून बघितल्या, जावेने सगळं केलं आणि मी वरून सूचना देत होते, तिसऱ्या सूचनेला तिने माझ्या हातात निवडायला मेथी दिली. आणि सप्टेंबरातला तो रविवार. मॅरेथॉन आमच्या घरावरूनच जाते. कुबड्या घेऊन फाटकात प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, हातात मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडींचं ताट. ग्रुपातल्या बायका जाताना ओरडत होत्या, एक थांबली आणि फोड उचलून म्हणाली, पुढच्या वर्षी गं. मला तेव्हा फार राग आला होता तिचा. अजूनही थोडा आहे.

कुबड्या सुटल्यावर फिजिओने मला आरशासमोर एका पायावर उभं केलं. डाव्या पायावर उभी राहिले की उजवीकडचं कंबरडं तराजूच्या पारड्यासारखं खाली. खुब्याच्या बाहेरच्या अंगाचा स्नायू झोपलाय म्हणाली. टेप लावून मांडी मोजली तर उजवीपेक्षा तीन सेंटिमीटर बारीक. मग चार महिने कुशीवर झोपून गुडघा उघडा, ब्रिज करा, दात घासताना डाव्या पायावर उभ्या राहा. इतका कंटाळवाणा प्रकार मी आयुष्यात केला नाही. दात मात्र स्वच्छ झालेत. फेब्रुवारीत स्कॅनमध्ये चीर भरलेली दिसली, पाऊण तास चालून काही दुखलं नाही, एका पायावर उड्या मारून झाल्या, तेव्हा कुठे आजचा दिवस.

तिची पद्धत अशी की दुखणं शून्य ते दहा असं आकड्यात सांगायचं. बाकी दुखापतींना एकदोनपर्यंत चालतं म्हणाली, पण ह्या हाडाला शून्यच, एकसुद्धा आला की थांबायचं आणि मला फोन करायचा. हे मला फार अवघड जातं. आमच्याकडे दुखतंय म्हटलं की आई म्हणायची काही होत नाही, काम कर म्हणजे विसरशील. मी विसरायला इतकी पटाईत झालेय की तिने पहिल्यांदा आकडा विचारला तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघून तिला कुठला आवडेल त्याचा अंदाज घेत होते.

आज पाचव्या मिनिटाला टप आणि थप थोडे जवळ आले होते. घड्याळात अडीच किलोमीटरही नाहीत. ग्रुपवर टाकलं नाही. तिला मेसेज केला, शून्य. मग वाटलं खरं सांगावं, म्हणून परत लिहिलं, मधे एकदा भीती वाटली, शिवण होती. तिने हसायचं चिन्ह पाठवलं आणि लिहिलं, उद्या सकाळी पलंगावरून उतरताना काय वाटतं ते कळव, पाय कसा आहे ते उद्याच ठरेल, आज नाही.

घरी आले तर सासूबाई ओट्यापाशी. पळायला जाताना शेंगदाण्याचा लाडू खाल्ल्याशिवाय आता मला दाराबाहेर सोडत नाहीत, आजही अंधारात उठून डबा पुढे केला होता. घड्याळाकडे बघितलं त्यांनी.

"काय गं, आलीस पण?"

"झालं. पाच मिनिटं पळायचं होतं."

"पाच मिनिटांसाठी पाचला उठलीस व्हय?" म्हणाल्या, आणि डबा हलवून बघितला. दोनच लाडू उरलेत. परवा परत जायचंय, उद्या दाणे भाजायला हवेत.