ऑक्टोबरमधलं बाथ: लंडनहून एका दिवसात, आईबाबांना घेऊन

आईबाबा सध्या आमच्याकडे लंडनला आलेत, त्यांना घेऊन ऑक्टोबरमध्ये बाथला, म्हणजे गरम झऱ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधल्या जुन्या शहरात, जाऊन आलो. दिवाळीच्या आसपास इकडे आईवडील आलेले असतात अशी बरीच घरं आहेत, आणि दरवेळी तोच प्रश्न असतो की फार दगदग न होता एका दिवसात कुठे नेऊ. तर बाथला न्या, आणि शक्यतो थंडी पडायला लागल्यावरच न्या. का ते पुढे येईलच.

आधी ट्रेनचं. पॅडिंग्टनहून बाथ स्पा साधारण दीड तास, बदलायची गरज नाही. तिकीट लवकर काढाल तितकं स्वस्त पडतं, शिवाय वाटेतल्या डिडकॉट पार्कवे स्टेशनला स्प्लिट करून किंमत नक्की बघा, लंडन-डिडकॉट आणि डिडकॉट-बाथ अशी दोन तिकिटं बऱ्याचदा एकापेक्षा कमीत जातात, उतरावं लागत नाही, फक्त तुमची गाडी डिडकॉटला थांबणारी हवी. आईवडील साठीच्या पुढचे असतील तर सीनियर रेलकार्ड (तिकिटावर सवलत देणारं कार्ड) काढून टाका, पासपोर्टवर मिळतं, इकडचं नागरिकत्व लागत नाही, आणि तीन-चार महिने राहणार असतील तर पैसे वसूल होतात. जाताना चिपनहॅम गेलं की बॉक्स टनेल लागतो, जवळपास 3 किलोमीटरचा, ब्रुनेल या इंजिनियरने बांधलेला, 1841 साली सुरू झालेला. बाबा रेल्वेत होते, त्यांच्यासाठी अर्धी ट्रिप तिथेच वसूल झाली.

स्टेशन गावातच आहे, रोमन बाथ्सपर्यंत, म्हणजे रोमन लोकांनी गरम झऱ्यावर बांधलेल्या स्नानगृहापर्यंत, दहा मिनिटं चालत, सपाट रस्ता. रोमन बाथ्सचं तिकीट ऑनलाइन आधीच काढा आणि सकाळचा पहिला स्लॉट घ्या, वीकेंडपेक्षा मधल्या वारी स्वस्त असतं. पहिलाच स्लॉट अशासाठी की गर्दी कमी, आणि गार हवेत तिथल्या मोठ्या हौदाच्या हिरव्या पाण्यावरून वाफा निघताना दिसतात. उन्हाळ्यात मी हेच पाणी बघितलं होतं तेव्हा एक मोठा हिरवा हौद एवढंच वाटलं होतं, आता मात्र कळत होतं की हे जिवंत आहे, खालून येतंय. मेंडिप टेकड्यांवर हजारो वर्षांपूर्वी पडलेला पाऊस चुनखडीतून दोन किलोमीटरहून जास्त खोल मुरतो, तिथे तापतो आणि भेगेतून वर येतो, 46 अंशांवर, रोज 11 लाख लिटरच्या वर. हिरवा रंग शेवाळाचा, कारण आता वर छप्पर नाही, रोमन काळात होतं. वरच्या गॅलरीतले पुतळे रोमन नाहीत हेही लक्षात असू द्या, ते व्हिक्टोरियन काळातले आहेत, खरं रोमन सगळं खाली पायाशी आहे.

बहुतेक लोक त्या हौदापाशी फोटो काढतात आणि आतलं म्युझियम भराभर उरकतात. तसं अजिबात करू नका. आत शिशाचे छोटे छोटे पत्रे आहेत, सव्वाशेच्या वर सापडलेत, त्यांवर रोमन काळातल्या लोकांनी झऱ्याच्या सुलिस मिनर्व्हा देवीकडे केलेल्या तक्रारी कोरल्यात. बहुतेक चोरीच्या. आंघोळीला गेलो आणि कपडे चोरीला गेले, चोर बाई असो की पुरुष, गुलाम असो की स्वतंत्र, त्याला सोडू नकोस. डोसिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले तर त्याने चोराची बुद्धी आणि डोळे जावेत असं मागितलंय! पत्रा गुंडाळायचा आणि झऱ्यात टाकायचा. मी आईला वाचून दाखवलं तर ती लगेच म्हणाली, "अरे हे आपलं गाऱ्हाणंच की, देवळात घालतात तसं." आम्ही संगमेश्वरकडचे, तुरळ-राजवाडीची गरम पाण्याची कुंडं लहानपणापासून बघितलेली, त्यामुळे गरम झरा म्हटला की तिथे देव असणारच हे तिला कुणी समजवावं लागलं नाही. पुढचा अर्धा तास ती प्रत्येक पत्र्यासमोर थांबत होती. ऑडिओ गाइड तिकिटातच येतो, तो घ्या, पण इथे जरा बंद करून पत्रे नीट बघा, अक्षरं केवढी बारीक आहेत ते जवळ गेल्याशिवाय कळत नाही.

त्याच फेरीत जास्तीचं पाणी रोमन गटारातून वाहून जाताना दिसतं, दगड लोखंडाने नारिंगी झालेत, तिथे उभं राहिलं की तोंडावर ऊब येते. हौदाच्या पाण्यात हात घालायचा नाही, ते शुद्ध केलेलं नाही, 1978 साली त्यातल्या अमीबामुळे एका मुलीचा मृत्यू झाला आणि तेव्हापासून तिथे पोहणं बंद आहे. प्यायचं शुद्ध केलेलं पाणी फेरीच्या शेवटी नळावर मिळतं, कोमट आणि खनिजांच्या चवीचं, बाबांनी दोन ग्लास घेतले. लिफ्ट आहे पण हौदाजवळची फरशी जुनी, खालीवर आणि ओली असते, चांगल्या ग्रिपचे बूट घाला. डुंबायचंच असेल तर जवळच थर्मे बाथ स्पा आहे, 2006 पासून सुरू, गच्चीवर तलाव, 16 वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. मुलं बरोबर असतील तर तो विषय सोडून द्या.

रोमन बाथ्समधून बाहेर पडलं की समोरच ॲबी, म्हणजे मोठं जुनं चर्च. दर्शनी भिंतीवर शिडीवरून चढणारे-उतरणारे देवदूत कोरलेत, आत जाण्याआधी ते बघा. खायला सॅली लन्स या खाण्याच्या ठिकाणचा बन फेमस आहे, मोठा आणि हलका, दालचिनीच्या लोण्याबरोबर छान लागतो, पण अंडं चालत नसेल तर आधी विचारून घ्या. दुपारी रांग असते. आम्ही घरून ठेपले आणि मेथांबा नेला होता, तो पुल्टनी ब्रिजजवळ बाकावर बसून खाल्ला. पुलावर दोन्ही बाजूंनी दुकानं आहेत, त्यामुळे वरून चालताना पूल आहे हेच कळत नाही, नदीकाठच्या ग्रँड परेड रस्त्यावरून बघा.

दुपारनंतर चढ. सर्कस (गोलात बांधलेल्या जुन्या घरांची वसाहत) आणि रॉयल क्रेसेंट वरच्या बाजूला आहेत, गुडघे दुखत असतील तर टॅक्सी करा आणि येताना उतारावरून चालत या. सर्कसच्या मधोमध प्लेन जातीची प्रचंड झाडं आहेत, पिवळी पानं ढिगाने पडलेली, आणि घरांच्या दारांवरच्या पट्टीत पाचशेहून जास्त कोरीव चित्रं आहेत, साप, जहाजं, वाद्यं. रॉयल क्रेसेंट म्हणजे अर्धचंद्रात 30 घरं, 1767 ते 1774 मध्ये बांधलेली, सगळी त्या मधाच्या रंगाच्या स्थानिक दगडाची, उतरत्या उन्हात तो दगड काय दिसतो! तिथेच खाली व्हिक्टोरिया पार्कातलं बोटॅनिकल गार्डन, फुकट, मेपल लाल झालेले असतात.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात, त्यानंतर जाणार असाल तर पाचच्या आधीच सूर्य मावळतो, म्हणून क्रेसेंटला तीनपर्यंत पोचायचं हे आधीच ठरवून टाका. परतीची ट्रेन मात्र साडेसहाच्या नंतरची घ्या, ऑफिस सुटायच्या वेळी गाड्या भरून येतात आणि वयस्कर माणसांना उभं राहावं लागतं. सीट रिझर्व्ह करता येते, फुकट आहे, करून ठेवा.