किडीनं खाल्लेलं पान

किडीनं खाल्लेलं पान दिसलं की ते चित्रात घ्यावंसं वाटतंच. कड कुरतडलेली, मधे एक वेडंवाकडं भोक, भोकाभोवती तपकिरी किनार. कागदावर ते फार देखणं उतरतं. कापडावर मात्र हेच पान घात करतं, कारण छापील कापडावर कुठलीच गोष्ट एकदा घडून थांबत नाही. कारखान्यातल्या गोल स्क्रीनचा, म्हणजे ज्यातून रंग कापडावर उतरतो त्या जाळीदार नळकांड्याचा, घेर बहुतेक वेळा ६४ सेंटीमीटर असतो. म्हणजे दर ६४ सेंटीमीटरला तीच कीड, त्याच पानाला, त्याच जागी, तेच भोक पाडत राहते. पहिल्यांदा पान दिसतं, दुसऱ्यांदा भोक, आणि तिसऱ्यांदा यंत्र.

झाडावर दोन पानं सारखी नसतात. कापडावर हजार पानं सारखी असतात आणि ती तशी नाहीत असं बघणाऱ्याला भासवायचं असतं. निसर्गावरून नक्षी करण्यातली अर्धीअधिक कारागिरी या लपवाछपवीत जाते. फांदी रेखाटणं त्या मानानं सोपं. तिचा शेंडा चौकटीच्या, म्हणजे कापडभर पुन्हा पुन्हा छापल्या जाणाऱ्या तुकड्याच्या, वरच्या कडेतून बाहेर पडला की खालच्या कडेतून नेमका आत यायला हवा, तिथे घाम निघतो. चौकट एकटी असते तोवर गोजिरी दिसते. शेजारी शेजारी आठ-दहा मांडल्या की मनातही नसलेले पट्टे उगवतात. दोन फुलांमधली निरुपद्रवी मोकळी जागा पुढच्या मोकळ्या जागेला जाऊन मिळते, तिची लांबलचक वाट होते, आणि ती एकदा दिसली की फुलं दिसेनाशी होतात. त्यावरचा जुना उतारा म्हणजे हाफ-ड्रॉप: शेजारची उभी रांग चौकटीच्या अर्ध्या उंचीनं खाली सरकवायची. मग आडवा धावणारा डोळा फुलाऐवजी पानावर अडखळतो. कापड भिंतीवर टांगून, लांब उभं राहून, डोळे किलकिले करून पाहायचं ते तो पुरेसा अडखळतोय ना, एवढंच तपासायला.

खरोखर पुन्हा पुन्हा तेच मांडणारा निसर्गही आहे, स्फटिकांचा. १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ या ब्रिटनमधल्या राष्ट्रीय प्रदर्शनासाठी हेलन मेगॉ या स्फटिकशास्त्रज्ञ बाईंच्या पुढाकारानं हिमोग्लोबिन, इन्सुलिन यांच्या स्फटिकरचनेच्या आकृत्यांवरून कापडं आणि भिंतीचे कागद तयार झाले. सांधा लपवायची गरजच नाही, रचना मुळातच आवर्ती. गंमत अशी की ते नमुने पाहून कुणालाही भूमिती आठवेल, निसर्ग नाही. खरं बोलणारी नक्षी कृत्रिम ठरते आणि थापा मारणारी वेल नैसर्गिक.

विल्यम मॉरिस या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज नक्षीकारानं लपवाछपवीची फारशी फिकीर केली नाही. केल्म्सकॉटच्या त्याच्या बागेत थ्रश पक्षी स्ट्रॉबेऱ्या पळवायचे, त्यावरून १८८३ साली ‘स्ट्रॉबेरी थीफ’ ही नक्षी आली. त्यातले पक्षी आरशात पाहावं तसे समोरासमोर, जोडीजोडीनं बसलेत. चोरी करताना इतकी शिस्त कोण पाळतं? तरीही ती बाग जिवंत वाटते. त्याचं श्रेय मी पक्ष्यांना नाही, मागच्या पानांच्या दाटीला देईन. छपाईची रीतही उलटी: आधी सगळं कापड गडद निळीत रंगवायचं, मग नक्षीपुरती नीळ रसायनानं उडवायची आणि तिथे तांबडा, पिवळा भरायचा.

यात हिरवा कुठे, असं कुणी विचारेल. पानांच्या नक्षीची खरी फजिती हिरव्यानंच केली. पानातलं हरितद्रव्य कापडावर टिकत नाही, म्हणून वनस्पतींच्या रंगांच्या काळात निळीवर पिवळा चढवून हिरवा साधायचे. नीळ टिकाऊ, पिवळा उन्हाला भित्रा. भारतातून सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपात गेलेलं छीट, म्हणजे फुलावेलींचं रंगीत सुती कापड, आज संग्रहालयांत पाहिलं तर फुलांची लाली बरीच शाबूत असते आणि पानं चक्क निळी. कलावंताची लहर वाटते ती, प्रत्यक्षात वरचा पिवळा उडून गेलेला असतो. मला ती निळी पानंच जास्त आवडतात. आता तर लोक मुद्दाम तशी रंगवतात.

रंगांची कंजुषीही कामाला येते. ठशाच्या छपाईत रेखेचा ठसा वेगळा, आत भरायचा वेगळा, पार्श्वभूमीचा वेगळा. एका पानावर ढीगभर हिरव्या छटा असल्या तरी त्यातल्या दोन-तीन निवडाव्या लागतात, आणि त्या निवडीतच पानाची नक्षी होते. डिजिटल छपाईत हे बंधन उरलं नाही. दवबिंदूंसकट गुलाब छापता येतो, आणि बऱ्याचदा तो कापडावर चिकटवलेल्या फोटोसारखा दिसतो. ‘मारिमेक्को’ या फिनलंडमधल्या कापड कंपनीच्या संस्थापक आर्मी रातिया यांचं म्हणणं होतं की खरी फुलं छापील फुलांपेक्षा सुंदरच असतात, तेव्हा फुलं छापायची नाहीत. त्यांच्याकडेच काम करणाऱ्या मैया इसोला यांनी १९६४ साली त्यांचं न ऐकता खसखशीची अवाढव्य, सपाट फुलं काढली, ‘उनिक्को’. शिरा नाहीत, छाया नाही, वनस्पतिशास्त्राच्या पेपरात सपशेल नापास. फुलाशी बरोबरी करायला ती गेलीच नाहीत, म्हणून अजून चालताहेत.

राहता राहिलं गुरुत्वाकर्षण. रोपं वर वाढतात, पण कापड बेतताना तुकडे उलटसुलट लावले तर कापड वाचतं. त्यामुळे बहुतेक फुलांच्या छपाईत देठ चारी दिशांना तोंड करून असतात, उधळल्यासारखे. अंगात घातल्यावर निम्मी फुलं डोक्यावर उभी असतात, तरी कुणी तक्रार करत नाही. मातीतून उगवल्यासारखी, सगळी सरळ उभी रानफुलं हवी असतील तर शिंपी माप घेण्याआधीच बजावतो, कापड जास्त लागेल.