आझमतारा, अजिंक्यतारा आणि मामीचे पोहे

साताऱ्यात पाऊल टाकलं आणि मामांचा ओरडा खाल्ला. ‘व्हीटीला कोयना धरली,’ एवढंच बोललो होतो.

‘महाराजांचं नाव घ्यायला जीभ जड होते व्हय रे?’

१९९६ साली स्टेशनचं नाव बदललं, २०१७ साली त्यात ‘महाराज’ आलं. माझी जीभ मात्र जुन्या पुठ्ठ्याच्या तिकिटावरच अडकलीय.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामांबरोबर अजिंक्यताऱ्यावर निघालो. चढ निम्मा झाला असेल, तोच शिकागोहून मामेभावाचा व्हिडिओ कॉल. त्याच्या खिडकीतून तो ११० मजली टॉवर दिसत होता. ‘हा बघ सिअर्स!’ खरं तर २००९ च्या जुलैतच त्याचा विलिस टॉवर झाला. लंडनच्या विमा दलाल कंपनीनं आत जागा भाड्यानं घेतली आणि करारात नावही पदरात पाडून घेतलं. लोक खवळले, सह्यांच्या मोहिमा निघाल्या. गंमत म्हणजे सिअर्सवाले स्वतः नव्वदच्या दशकातच तिथून गाशा गुंडाळून गेलेले!

‘मग ह्या लोकांचं काय जातंय?’ मामा.

‘पप्पा, तुम्ही पोवई नाक्याला शिवतीर्थ म्हणता का?’

मामांनी रेंज गेल्याचं सांगून फोन ठेवला. रेंज चांगली होती.

दरवाज्याचे दोन्ही बुरूज दवानं ओले होते. मंगळाईच्या देवळापाशी मामा टेकले आणि रंगात आले. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबाचा वेढा पडला. किल्लेदार प्रयागजी प्रभू चार महिन्यांवर झुंजला. मोगलांनी सुरुंग लावला, तर तट उलटा त्यांच्याच अंगावर आला. शेवटी १७०० च्या एप्रिलात गड पडला आणि पोराच्या नावावरून बादशहानं त्याचा आझमतारा केला. ताराराणींनी गड परत घेऊन अजिंक्यतारा केला. एवढं सांगताना मामांचा आवाज चढला, शेजारी जोर मारणारी पोरं वळून बघायला लागली. विमा कंपनीची पाटी आणि हे एका तागडीत घालायला माझंही मन होईना.

समोर सज्जनगड उजळत होता. तो मुळात परळीचा किल्ला. बादशहानं त्याचाही नवरसतारा करून पाहिला होता. पायथ्याचं गाव आजही परळीच.

उतरताना मामीचा फोन आला. मामा धापा टाकत म्हणाले, ‘हां, किल्ल्यावरनं उतरतोय. पोहे टाक.’