१०५ मिलिमीटरची देशी तोफ

आमच्या कोकणकिनाऱ्यावरच्या किल्ल्यांत पडलेल्या लोखंडी तोफा पाहताना मला हमखास आठवते ती पुण्याच्या ‘एआरडीई’ या संरक्षण संशोधन संस्थेने आखलेली १०५ मिलिमीटरची (म्हणजे नळीचा आतला व्यास तेवढा) देशी तोफ. ब्रिटिश काळातील २५ पौंडी तोफेची जागा घेण्यासाठी ती तयार झाली. तिचा पल्ला सुमारे १७ किलोमीटर आहे. म्हणजे रत्नागिरीच्या किल्ल्यावरून डागलेला गोळा पावस ओलांडून पुढे जाईल.

तिची हलकी आवृत्ती, म्हणजे ‘लाइट फील्ड गन’, मला अधिक महत्त्वाची वाटते. मूळ तोफ जवळपास साडेतीन टनांची, तर ही साधारण २.४ टनांची असल्यामुळे ती हेलिकॉप्टरने डोंगरावर नेता येते, आणि जिथे रस्ताच संपतो तिथे हाच गुण निर्णायक ठरतो. १९९९ च्या कारगिल युद्धात १०५ मिलिमीटरच्या तोफांनीही मारा केला. तिथल्या उंचीवरच्या विरळ हवेत गोळा नेहमीपेक्षा लांब जातो, त्यामुळे तोफचींना नेमाचे गणित बदलावे लागते. श्रेय मात्र बहुतेक बोफोर्स या मोठ्या स्वीडिश तोफेला मिळाले, आणि ते अगदीच अन्यायाचे नव्हे: तिचा गोळा ४० किलोंहून जड, तर हिचा १५-१६ किलोंचा, त्यामुळे शत्रूचे दगडी बंकर फोडण्यात ही उणी पडते.

२०२३ च्या प्रजासत्ताकदिनी दिल्लीत २१ तोफांची सलामीही प्रथमच याच देशी तोफांनी दिली.