शिल्लक कापडाचा सहा कळ्यांचा स्कर्ट: नेफा झाला, खालची दुमड बाकी

कंबर 30 इंच, सीट (नितंबांचा घेर) 38. ओटीत आलेले दोन सुती ब्लाउजपीस, एक गर्द निळा, एक बारीक फुलांचा. दोन्ही 44 इंच पन्ह्याचे (रुंदीचे), लांबी 80 सेंमी. म्हणजे साडेएकतीस इंच, पण भिजवून वाळवल्यावर 31च भरले. नेफ्याला (इलॅस्टिक ओवायच्या दुमडीला) दीड, खाली एक इंच. तयार उंची साडेअठ्ठावीस. इथे उंची कापडच ठरवतं.

इलॅस्टिकचा स्कर्ट सीटवरून चढायला हवा, म्हणून वरचा घेर 38 अधिक 4, म्हणजे 42. एका कळीला (खाली रुंद होत जाणाऱ्या उभ्या तुकड्याला) वर 7, शिवणीचं मार्जिन धरून 8 इंच. खाली 14, मार्जिनसह 15. वरचे 3 इंच बाजू सरळ ठेवायच्या, उतार त्यानंतर. नाहीतर नेफा आत दुमडताना कापड पुरत नाही आणि चुण्या पडतात.

कळ्या उलटसुलट मांडल्या की 15, 8, 15 मिळून 38 इंचांत तीन बसतात. फुलं एकाच दिशेची असतील तर हे चालत नाही: सरळ मांडल्यावर 45 लागतात आणि इंचभरासाठी तिसरी कळी जाते. कळीचा मध्य उभ्या धाग्यावरच हवा.

निळ्याचा रंग आधी तपासलेला बरा. ओलं पांढरं फडकं ठेवून इस्त्री दाबायची. पावसाळ्यात कोल्हापुरात कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात, शेजारच्या कळीवर डाग पडायला तेवढं पुरतं.

निळी-फुलांची आलटून पालटून जोडली. टीप खालून वर, रुंद टोकाकडून; तिरकी कड हाताने ओढली तर लांबते आणि वर कळ्या जुळत नाहीत. कडांना इंटरलॉक पिको-फॉलवाल्याकडून.

इलॅस्टिक 1 इंची, लांबी 27 अधिक जोडाला 1. नेफा आतून सव्वा इंच. तंतोतंत 1 ठेवला तर इलॅस्टिक अडकतं. ओवून झाल्यावर दोन्ही बाजूंच्या शिवणींवर उभी टीप, म्हणजे पीळ बसत नाही.

आता स्कर्ट हँगरवर आहे. तिरक्या बाजू वजनाने उतरतात, त्यामुळे दिवसभर टांगून मग जमिनीपासून पट्टीने खुणा. पाव इंच आणि पाऊण इंच दुमडताना कड वरच्या ओळीपेक्षा दोनएक इंच जास्त भरते. तिथे मोठ्या टाक्याची ढिली टीप घालून खालचा दोरा हलका ओढायचा, इस्त्रीने बसवायचं, मग पक्की टीप.